भट्टी ज्याची, फेरी त्याची

आमच्या घरात शाळेची पायरी चढलेला मी पहिला, आणि कॉलेजचं तोंड पाहिलेलाही मीच पहिला. हे बढाई म्हणून सांगत नाही, असं लिहिणार होतो. पण खोटं कशाला लिहू? बढाई म्हणूनच सांगतो. पुण्याला एका खानावळीत वाढप्याचं काम करता करता मी बी.ए. झालो. निकाल कळला तेव्हा वडिलांनी वस्तीवर गूळ वाटला आणि मला गोठ्याच्या मागं नेऊन हळूच विचारलं, "आता ह्याच्या फुडं काय आसतं?"

"एम.ए.," मी म्हणालो.

"आसू दे. हे लई झालं."

लढाई नुकतीच संपली होती. लष्कराच्या कचेऱ्यांतून माणसं कमी होत होती आणि बी.ए. झालेल्याला लगेच खुर्ची मिळेल ही माझी समजूतही कमी होत होती. शेवटी नगरात एका खाजगी मोटार सर्व्हिसमध्ये जागा मिळाली. काम एवढंच, की ड्रायव्हर लोकांच्या पाळ्या लावायच्या आणि कोणती गाडी कधी सुटली, कधी परतली ते टिपायचं. शेठ म्हणाले, "आपल्याकडे पदवीधर माणूस पहिलाच." मी म्हणालो, "आमच्याकडेही." शेठना ते आवडलं की नाही कळलं नाही. तिथं मला पुढं जे जे कळलं नाही त्याची ही सुरुवात होती.

लढाई संपली तरी पेट्रोलचं रेशन संपलं नव्हतं. म्हणून आमच्या बहुतेक गाड्या कोळशाच्या गॅसवर चालत. गाडीच्या पाठीला न्हाणीघरातल्या बंबासारखी, पण पुरुषभर उंच अशी भट्टी बसवलेली. सकाळी तिच्यात कोळसा भरायचा, पेटवायचा, हातानं पंखा फिरवत बसायचं, आणि धूर जाऊन चांगला गॅस यायला लागला की मग इंजिन धरायचं. हे काम कुणालाच नको असे. डोळे चुरचुरत, भुवया होरपळत, कपडे असे होत की बायको उंबऱ्याबाहेर उभं करी. त्यामुळं आमच्या डेपोत एक रिवाज पडला होता. कुणी लिहिलेला नव्हता, शेठनी केलेला नव्हता. जो भट्टी पेटवील, फेरी त्याची. गाडी कुणाच्या का नावावर असेना, काजळी ज्यानं खाल्ली त्यानंच स्टीअरिंगवर बसायचं आणि फेरीचा भत्ताही त्यालाच. ह्यावर भांडण नाही, अपील नाही.

मी गेलो त्या पहिल्याच आठवड्यात हा रिवाज मला चाचांनी सांगितला. चाचा म्हणजे आमचे सगळ्यात जुने ड्रायव्हर. नगरातच राहत, डेपोपासून हाकेच्या अंतरावर. दाढी मेंदीनं रंगवलेली, आवाज हॉर्नसारखा. मला ते "बीएसाहेब" म्हणत. त्यात मान किती आणि चेष्टा किती हे मी बरेच दिवस तपासत होतो, मग सोडून दिलं.

भांडण सुरू झालं ते जादा फेऱ्यांवरून. लग्नसराई आली, सुप्याचा बाजार भरात आला, भंडारदऱ्याला धरण पाहायला जाणाऱ्या मंडळींच्या पार्ट्या सुरू झाल्या. शेठना नेहमीच्या फेऱ्यांशिवाय जादा फेऱ्या हव्या होत्या, आणि त्या असलेल्या ड्रायव्हरांकडूनच करून घ्यायच्या होत्या. इकडे डेपोच्या मागं आमचा एक ड्रायव्हर कोळसा फोडत बसलेला. पेट्रोल तुटलं तेव्हा गाड्या कमी झाल्या, सगळ्यात नवा म्हणून त्याला उतरवलं, आणि दया म्हणून भट्टीच्या मापाचे कोळशाचे तुकडे करायला ठेवलं. ज्या हातानं घाट चढवला त्या हातात हातोडी. बोलायचा फार कमी. लोक त्याला आता "कोळसेवाला" म्हणायला लागले होते आणि तोही ओ देत होता.

चाचांनी सगळ्यांना लिंबाखाली जमवलं आणि ठरवून टाकलं, की जोवर कोळसेवाल्याला परत स्टीअरिंग मिळत नाही तोवर एका दिवसात कुणी एकापेक्षा जास्त फेरी करायची नाही.

"जादा फेरी म्हंजी काय?" चाचा म्हणाले. "त्याचीच फेरी हाय ती. आपन त्याच्या ताटातलं खातो."

सगळ्यांनी माना हलवल्या. एकटे बेलापूरवाले उठले.

बेलापूरवाले म्हणजे रोज बेलापूरहून रेल्वेनं नोकरीला येणारे ड्रायव्हर. त्यांची बायको तिथं मुलींच्या शाळेत मास्तरीण होती. परगावची बाई. गावात तिला खोली मिळाली ती नवरा रोज रात्री घरी असतो ह्या बोलीवर. नवऱ्यानं नगरात मुक्काम धरला तर खोली जाईल, खोली गेली तर शाळा जाईल, हे त्यांनी मला पहिल्या ओळखीतच सांगून ठेवलं होतं, जणू मी उद्याच त्यांना कुठं पाठवणार होतो.

"मला जादा फेरी पायजे," बेलापूरवाले म्हणाले.

"आली का हाव!" कुणीतरी म्हणालं. "घरात बाईचा पगार येतो, तरी पोट भरंना व्हय?"

"बाई पोरींना शिकवती, ह्याला न्हाई शिकवत!"

"शिकवती की," बेलापूरवाले शांतपणे म्हणाले. "म्हंती, दुसऱ्याच्या चुलीवर काय शिजतंय ते वास घेत फिरू नगं."

हशा पिकला. मग ते जे बोलले ते मी नीट ऐकलं, आणि माझी पंचाईत तिथंच सुरू झाली. ते म्हणाले, "मला काम जास्त नगं. एका दिवशी दोन फेऱ्या द्या, दुसऱ्या दिवशी मी घरी. काम तेवढंच, रेल्वे निम्मी. तुमी त्याला जादा म्हंता. माज्या हिशेबानं ती जादा न्हाईच."

चाचा म्हणाले, "दिवसात दुसरी फेरी ती जादा."

"दोन दिवसांत दोन, ती जादा कशी?"

दोघंही माझ्याकडं वळले. "बीएसाहेब, तुमी सांगा."

कॉलेजात मी तर्कशास्त्र घेतलं होतं. आधी मला चाचांचं पटलं, मग बेलापूरवाल्यांचं पटलं, मग पुन्हा चाचांचं. मी म्हणालो, "विचार करून सांगतो." लिंबाखालच्या मंडळींना हे उत्तर पसंत पडलं नाही. त्यांच्या मते विचार करायचं काम पुण्यात उरकूनच मला नगरला पाठवलेलं असायला हवं होतं.

तशात रेल्वेनं हात दाखवला. बेलापूरवाल्यांची गाडी दोनदा उशिरा आली आणि शिरूरची पहिली मोटार त्यांच्यामुळं अडकली. दोन्ही वेळा शेठनी दुसऱ्याला पाठवलं. मग मला आत बोलावून म्हणाले, "नियम लिहून काढ. ज्याची सकाळची पहिली फेरी, त्यानं आदल्या रात्री नगरातच झोपायचं. चांगल्या भाषेत लिही."

मी चांगल्या भाषेत लिहिला. शेठनी वाचला, खिशात घातला. "आता आणखी एकदा उशीर झाला की भिंतीवर लावू. ज्याला पटेल तो राहील."

मी बेलापूरवाल्यांना सांगून टाकलं. असल्या गोष्टी लपवून ठेवायचा माझा स्वभाव नाही. ते म्हणाले, "चांगल्या भाषेत लिव्हला का?" मी "हो" म्हणालो. "मग बरं," म्हणून ते स्टेशनकडं चालू लागले. ते चिडले होते का, मला आजही सांगता येणार नाही.

आणि तो 'आणखी एकदा' लगेचच उजाडला. मी डेपोत आलो तर शिरूरच्या गाडीत उतारू बसलेले, टपावर ट्रंका चढलेल्या, आणि बेलापूरवाल्यांचा पत्ता नाही. स्टेशनवरून आलेल्या टांगेवाल्यानं सांगितलं, रेल्वे अजून लागलेली नाही. भट्टी थंड असती तर गाडी दुपारपर्यंत हलली नसती. पण भट्टी थंड नव्हती. चाचा काजळीनं माखलेले, पंख्याचा दांडा फिरवत उभे होते.

"चाचा, हे काय?"

"काय म्हंजी? त्याच्या घरादारावर येतंय. म्हनलं, पेटवून ठेवावी. तो आला की बसंल आन् जाईल."

मला फार बरं वाटलं. एवढं बरं वाटलं की पुढचं लक्षातच आलं नाही. लक्षात आणून दिलं ते बाकीच्या ड्रायव्हरांनी. एकजण भिंतीला टेकून दात घाशीत होता, तो म्हणाला, "भट्टी चाचांनी पेटवली. मंजी फेरी चाचांची."

"मी पेटवून दिली त्याला," चाचा म्हणाले.

"दिली बिली काय न्हाई. ज्यानं पेटवली त्याची. तुमीच सांगत आलाय."

"आन् चाचांना दुपारची सुप्याची फेरी हाय," दुसरा म्हणाला. "मंजी दिवसात दोन झाल्या. चाचा, बंदी कुनी घातली? तुमीच ना?"

चाचांचा हात पंख्यावर थांबला. रिवाज मोडावा तर डेपोत उद्या कुणी कुणाची भट्टी मानणार नाही. रिवाज पाळावा तर जादा फेरी बंद करणाऱ्यानंच पहिली जादा फेरी केली, आणि मागं बसून हातोडी मारणारा कोळसेवाला ते पाहतोय. आणि गाडी नाहीच हलवली तर बेलापूरवाल्यांचा नियम भिंतीवर.

"बीएसाहेब, बोला."

मी बोललो. ती एक वेळ अशी होती की मी अभिमानानं सांगू शकतो, लगेच बोललो. म्हणालो, "चाचा, गाडी स्टेशनपर्यंत न्या. केडगावचा रस्ता धरायच्या आधी जरा आत वळायचं. तिथं बेलापूरवाले उतरले की ते स्टीअरिंग घेतील. गावातल्या गावात गाडी हलवली, ती फेरी नव्हे."

ह्यावर चर्चा झाली. स्टेशनपर्यंत नेली ती फेरी का नाही, केडगावचा नाका ओलांडला तर फेरी का, एक उतारू स्टेशनला उतरला तर मग काय. आतून एक म्हातारी ओरडली, "आरं, निगा की भाड्यांनो! शिरूरला माजी लेक बाळंत व्हायची, तुमची फेरी ठरंस्तोवर नातवाचं बारसं हुईल!" तेव्हा कुठं चाचा बसले. मी शेजारी बसलो. काय होतं ते पाहायचं होतं, आणि सल्ला माझा होता.

स्टेशनवर पोचलो तेवढ्यात रेल्वे लागली. बेलापूरवाले गर्दीतून धावत आले ते गाडी पाहून थबकले. त्यांच्या गाडीत, त्यांच्या जागेवर, चाचा. मला वाटलं, आता गळ्यात पडतील. ते भट्टीपाशी गेले, हात जवळ धरून धग पाहिली, आणि परत आले.

"कुनी पेटवली?"

"मी," चाचा खाली उतरत म्हणाले. "बस. गाडी तयार हाय."

"मग फेरी तुमची."

"अरे, तुज्यासाठी पेटवली बाबा!"

"मी सांगितलं हुतं? काजळी तुमी खाल्ली आन् भत्ता मी खाऊ? उद्या सगळे म्हंतील, बेलापूरवाला फुकट्या हाय. बसा तुमी."

"मी जादा फेरी करत न्हाई!"

"मी दुसऱ्याच्या भट्टीवर बसत न्हाई!"

एक गाडी आणि तिला दोन ड्रायव्हर, आणि दोघंही खाली. मी एकदा ह्यांना समजावत होतो, एकदा त्यांना. बेलापूरवाल्यांना म्हणालो, "अहो, तुमचा नियम भिंतीवर लागेल, मास्तरीणबाईंची शाळा जाईल." ते म्हणाले, "शाळा जाईल ती वायली गोष्ट. फुकट्या म्हनून ऱ्हानार न्हाई." आता ज्या गोष्टीसाठी माणूस महिनोन्महिने रेल्वेत हेलपाटे घालतो, ती गोष्ट एका शब्दापायी सोडायला तो तयार कसा होतो? मी तेव्हा समजू शकलो नाही. आता माझी मुलं नोकरीला लागली, तरी पुरतं समजलं आहे असं म्हणवत नाही.

ह्या वादात भट्टीकडं कुणाचंच लक्ष नव्हतं. इंजिन बंद, पंखा बंद, कोळसा निमूट विझत गेला. टांगेवाल्यानंच सांगितलं, "ओ शान्यांनो, तुमचा बंब गार पडला."

दोघांनी वळून पाहिलं. मग बेलापूरवाल्यांनी पिशवी माझ्या हातात दिली, सदरा काढला, टपावरचं कोळशाचं पोतं खाली घेतलं आणि भट्टी नव्यानं पेटवायला बसले. चाचांनी पंख्याला हात घातला तसे ते खेकसले, "हात लावू नगा!" चाचा लांब जाऊन उभे राहिले. म्हातारी खाली उतरून पान खात बसली होती. ती म्हणाली, "ह्यो पयला शानपना." गाडी शिरूरला निघाली तेव्हा ऊन चांगलं तापलं होतं, पण फेरी कुणाची ह्याबद्दल कुणाच्याही मनात शंका नव्हती.

चाचा आणि मी डेपोत परतलो तर शेठ आलेले.

"उशीर कोणामुळं?"

खरं उत्तर काय होतं? रेल्वेमुळं? चाचांच्या चांगुलपणामुळं? बेलापूरवाल्यांच्या मानामुळं? की माझ्या सल्ल्यामुळं? मी म्हणालो, "भट्टी विझली."

शेठनी चाचांकडं पाहिलं. चाचा म्हणाले, "विझली. रोज सकाळी हेच लफडं हाय. तरी कोळसेवाला भट्टीतला दर्दी मानूस, त्याला बसवलाय हातोडी देऊन."

त्या भट्ट्या शेठनीच हौसेनं बसवून घेतल्या होत्या, त्यामुळं भट्टीचा दोष ते मनाला लावून घेत. संध्याकाळी हुकूम आला, की उद्यापासून सकाळच्या सगळ्या भट्ट्या कोळसेवाल्यानं पेटवायच्या. ड्रायव्हरांनी नुसतं येऊन बसायचं.

लोक खूश झाले. भुवया वाचल्या. चाचा मात्र तोंड पाडून बसले. म्हणाले, "स्टीअरिंग मागितलं, आगकाडी दिली."

दुसऱ्या दिवशी सकाळी कोळसेवाल्यानं ओळीनं सगळ्या भट्ट्या पेटवल्या, हात धुतले आणि शिरूरच्या गाडीत स्टीअरिंगवर जाऊन बसला. रेल्वे त्या दिवशी वेळेवर होती. बेलापूरवाले आले, दार उघडून पाहतात तो हा आत.

"उतर की रं."

"पेटवली म्या," कोळसेवाला म्हणाला. "फेरी माजी."

आधी सगळे हसले. मग एकेकाचं हसू थांबत गेलं, कारण ते खरं होतं. कुणीतरी म्हणालं, "मग काय सगळ्याच फेऱ्या ह्याच्या?" कोळसेवाला म्हणाला, "सगळ्या नगं. येक बास." चाचा पुढं आले आणि बेलापूरवाल्यांकडं बघत राहिले.

बेलापूरवाल्यांनी दारावरचा हात काढला. मग त्यांनी सीटखालचं आपलं फडकं ओढून घेतलं, समोरची काच पुसून दिली आणि म्हणाले, "दुसऱ्या गेरला अडती. दमानं घे." आणि बाजूला झाले.

शिरूरची पहिली फेरी तेव्हापासून कोळसेवाल्याची झाली आणि बेलापूरवाल्यांनी दुपारची धरली. दिवसाला एकच फेरी. दोन फेऱ्या आणि दुसरा दिवस घरी, हे त्यांचं गणित बुडालं. शेठनी मला विचारलं, "हे ठरवलं कोणी?" मी म्हणालो, "ठरवलं नाही, झालं." ते म्हणाले, "गाडी वेळेवर सुटली ना?" सुटली होती. खिशातला कागद त्यांनी मला परत दिला, म्हणाले, पाठकोरा आहे, वापरून टाक.

मग चाचा जिंकले का? कोळसेवाल्याला स्टीअरिंग मिळालं म्हणावं तर मिळालं; पण ते शेठनी दिलं नाही, आणि रोज सकाळची काजळी त्याच्या एकट्याच्या नशिबी आली. बाकीचे म्हणू लागले, आता बंदी उठली, जादा फेऱ्या करू. चाचा म्हणत, उठली नाही. मी दोन्ही बाजूंना विचारून पाहिलं, बंदी कशासाठी होती? दोघांनी वेगवेगळं सांगितलं.

बेलापूरवाल्यांची तर मजाच. दुपारच्या फेरीला जुळेल अशी मधली रेल्वेच नव्हती. त्यामुळं ते पूर्वीच्याच गाडीनं येत, आणि सकाळभर लिंबाखाली फडक्यावर बसून राहत. डब्यातली भाकरी लवकर खाऊन टाकत. एक दिवस मला राहवलं नाही.

"अहो, पहाटे उठणं तेच, रेल्वे तीच, घरी पोचणं त्याच वेळेला. मग तुमचं साधलं काय?"

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जसं वर्गातल्या ढ पोरीकडं मास्तरीणबाई पाहत असतील.

"आज रेल्वे किती उशिरा आली, ठावं हाय का तुमाला?"

"नाही बुवा. मी विचारलं नाही."

"तेच," बेलापूरवाले म्हणाले, आणि टोपी डोळ्यांवर ओढून लिंबाच्या बुंध्याला टेकले.